घर कोणासाठी बांधावयाचे?

कोणतेही शास्त्र सांगावयास आरंभ करताना आपले जुने ग्रंथकार प्रथम चार गोष्टी स्पष्ट करून टाकीत : ग्रंथाचा विषय कोणता, त्याचे प्रयोजन काय, विषयाचा आणि ग्रंथाचा संबंध कोणता, आणि हा ग्रंथ वाचण्याचा अधिकारी कोण. यास अनुबंधचतुष्टय म्हणतात. ‘अधिकारी’ हा शब्द ऐकताच आज आपल्या डोळ्यांसमोर कचेरीतील साहेब उभा राहतो. शास्त्रात मात्र त्याचा अर्थ निराळा आहे. ज्याला त्या ग्रंथाची खरी गरज आहे आणि त्याचा उपयोग करून घेण्याची ज्याची तयारी आहे, तो अधिकारी. पस्तीस वर्षे संस्कृत शिकविताना हे चतुष्टय आम्ही मुलांकडून घोकून घेतले. परंतु त्याचा उपयोग जमिनीच्या धंद्यात होईल असे आम्हांस कधी वाटले नव्हते. तो कसा झाला, हे वाचकांस सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

नागपूरच्या उत्तरेस, सावनेर तालुक्यात, खापरखेडा हे औष्णिक वीज केंद्राचे गाव आहे. गावाच्या शिवेला लागून आमच्या कुटुंबाची तीन एकर जमीन आहे. वडिलांनी ती शेतीसाठी घेतली. आमच्या पिढीत कोणी नांगर धरला नाही. थोरल्या बंधूंच्या पश्चात त्यांच्या चिरंजीवाने, म्हणजे आमच्या पुतण्याने, तेथे रीतसर लेआउट पाडून प्लॉट व लहान घरे विकण्याचा उद्योग आरंभिला. नोकरी सोडून आणि कर्ज काढून आरंभिला, हेही येथेच सांगितले पाहिजे. एकत्र कुटुंबात असा निश्चय एकट्याचा नसतो. सातबारावर जितकी नावे, तितक्या सह्या, आणि जितक्या सह्या तितक्या काळज्या.

एके दिवशी तो जाहिरातीचे पत्रक घेऊन आमच्याकडे आला. “काका, जन्मभर निबंध तपासलेत, एवढे तपासून द्या,” म्हणाला. पत्रक रंगीत होते. ‘सर्वांसाठी सुवर्णसंधी’ हा मथळा, आणि खाली नोकरदार, व्यापारी, शेतकरी, नवविवाहित, सेवानिवृत्त, गुंतवणूकदार अशी सगळ्या जगाची यादी. आम्ही विचारले, “हे पत्र तुला कोणाला पाठवावयाचे आहे?”

“सर्वांना.”

“मग पाकिटावर पत्ता काय लिहिशील?”

तो हसला, परंतु प्रश्न त्याच्या मनात राहिला, आणि आमच्याही.

विचार करता असे दिसून आले, की या धंद्यात ‘सर्वांसाठी’ या शब्दाइतका तोट्याचा दुसरा शब्द नाही. साबण विकणाऱ्याने तो म्हटला तर एक वेळ चालेल. साबणाची वडी प्रत्येक घरात लागते, दर महिन्यास संपते, आणि आवडली नाही तर पुढल्या महिन्यास दुसरी घेता येते. घराचे तसे नाही. मध्यम स्थितीतील कुटुंब ते आयुष्यात बहुधा एकदाच घेते. दुसरे असे, की विकणाऱ्याजवळ माल मोजका असतो. तीन एकरांतून रस्ते व मोकळी जागा वजा जाता दीड हजार चौरस फुटांचे चाळीस-पन्नास प्लॉट निघावयाचे. त्यास पन्नास कुटुंबे हवीत, पन्नास हजार नव्हेत. पन्नास हजारांना हाका मारण्यात पैसा जातो आणि ज्या पन्नासांना खरोखर यावयाचे असते त्यांना ती हाक आपल्यासाठी आहे हे कळतच नाही. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. नवविवाहितास जे घर सोयीचे, ते सत्तरीच्या गृहस्थास सोयीचे नसते. आणि ज्याला केवळ भाव वाढल्यावर विकावयाचे आहे त्याला तर घरच नको असते. यास्तव गिऱ्हाईक आधी ठरल्यावाचून नकाशाच नीट काढता येत नाही. गिऱ्हाइकाची निवड हा जाहिरातीचा भाग नव्हे; तो पायाचा भाग आहे.

पूर्वीची उदाहरणे

ही कल्पना परदेशातून आलेली आहे असे समजण्याचे कारण नाही. मुंबईत गावदेवी येथे 1915 साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. या देशातील सहकारी गृहनिर्माणाचा आरंभ तिच्यापासून मानतात, आणि तीत रावबहादूर तल्माकी यांचा पुढाकार होता. पोटासाठी मुंबईस आलेल्या, मध्यम पगाराच्या, घरमालकाच्या मर्जीवर राहणाऱ्या कुटुंबांची गरज तिने हेरली. पुढे वांद्र्यास ‘साहित्य सहवास’ ही लेखकांची वसाहत झाली व तेथील इमारतींची नावेही साहित्यातून घेतली गेली. आमच्या नागपुरात अमरावती रस्त्यावर ‘पत्रकार सहनिवास’ आहे. पुण्यात परांजपे स्कीम्स या व्यावसायिकांनी ‘अथश्री’ या नावाने केवळ ज्येष्ठ नागरिकांसाठी वसाहती उभारल्या. पहिल्या तीन उदाहरणांत गिऱ्हाइकांनी एकत्र येऊन आपले घर निर्मिले, चौथ्यात विक्रेत्याने आपले गिऱ्हाईक निवडले. तथापि चारही ठिकाणी ‘कोणासाठी’ हा प्रश्न आधी सुटला, विटा मागाहून आल्या.

परदेशातील एक उदाहरण मात्र सविस्तर सांगण्याजोगे आहे, कारण त्यात या विचाराचा गुण व दोष दोन्ही दिसून येतात. दुसरे महायुद्ध संपले आणि अमेरिकेतील लाखो सैनिक घरी परतले. लग्ने झाली, मुले झाली, पण राहावयास जागा नाही. 1944 च्या कायद्याने त्यांना सरकारी हमीवर गृहकर्ज मिळण्याची सोय झाली होती. लेव्हिट नावाच्या व्यापारी कुटुंबाने हे नेमके ओळखले. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील बटाट्याच्या शेतांत त्यांनी 1947 साली परतलेल्या सैनिकांसाठी एकाच धर्तीची लहान घरे बांधावयास घेतली. 1951 पर्यंत सतरा हजारांहून अधिक घरे उभी राहिली. गिऱ्हाईक एक, त्याची गरज एक, त्याची पैशाची सोय ठाऊक. मग घर स्वस्तात व झपाट्याने का न व्हावे?

येथवर सर्व अनुकरणीय. परंतु त्याच लेव्हिटटाउनच्या करारपत्रांत असेही कलम होते, की गोऱ्यांखेरीज कोणाचेही तेथे वास्तव्य असू नये. घरकामाचे नोकर तेवढे अपवाद. त्याच युद्धात लढलेला कृष्णवर्णीय सैनिक त्या घरास अपात्र ठरला. अशी कलमे न्यायालयांनी अमलात आणू नयेत असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1948 साली दिला. तरी रीत चालूच राहिली आणि घरविक्रीतील भेदभावास कायद्याने बंदी घालावयास 1968 साल उजाडले. सैनिक निवडणे ही गरजेची निवड होती. गोरा निवडणे ही जन्माची निवड होती. पहिलीने घर बांधले, दुसरीने भिंत बांधली.

घरातील एक सूचना

हे उदाहरण आम्ही मुद्दाम देत आहोत. पुतण्याचा बेत कळताच आमच्या एका आप्ताने सुचविले, “उगाच कशाला शोध करीत बसता? आपल्या लोकांचीच वसाहत करा. पत्रक छापावयास नको, एका व्हॉट्सॲप समूहावर काम होते.” सूचना सोपी होती आणि व्यवहारात कदाचित चाललीही असती. गावदेवीच्या संस्थेचा धागा ज्ञातीचाच होता, असे ते म्हणाले, आणि ते खरेच आहे. सहकारी संस्थेने आपले सभासदत्व एका समाजापुरते ठेवण्यास हरकत नाही, असा निर्णय आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 2005 साली पारशी समाजाच्या एका संस्थेच्या खटल्यात दिला आहे, हेही आम्हांस ठाऊक आहे.

तथापि आमचे मन ते घेईना. 1915 च्या मुंबईत परगावच्या कारकुनास जामीन राहणारे ज्ञातीवाचून कोणी नव्हते. तेथे ज्ञात हा हाताशी असलेला दोर होता आणि खरे बळ सारख्या पगाराचे व सारख्या अडचणीचे होते. आज तो दोर ओढून आम्ही काय मिळविणार? आमच्या शेजारी राहणाऱ्याने भिंतीवर ओल येऊ देऊ नये, नळाच्या पाण्यावरून भांडू नये आणि रात्री अपरात्री कोणी आजारी पडला तर दार उघडावे, एवढेच आम्हांस हवे असते. यांपैकी एकही गुण आडनावावरून कळत नाही. शिवाय पस्तीस वर्षे आमच्या वर्गात खाणकामगाराचा मुलगा आणि भटजींचा मुलगा एका बाकावर बसत आले. त्यांतील एकालाच उद्या वसाहतीचे फाटक उघडावयाचे, तर आम्ही शिकविले तरी काय?

खापरखेड्याचा अधिकारी

मग खापरखेड्यास अधिकारी कोण? त्यासाठी पत्रक बाजूस ठेवून गावाकडेच पाहावे लागले. विक्रेता बहुधा आपल्या जमिनीकडे पाहून गिऱ्हाइकाची कल्पना करतो. त्याने आजूबाजूच्या माणसांकडे पाहून जमिनीची कल्पना करावी.

खापरखेड्याच्या वीज केंद्रातील 210 मेगावॉटचे चार संच 1989 ते 2001 या काळात सुरू झाले आणि 500 मेगावॉटचा पाचवा संच 2011 साली. एकूण क्षमता 1340 मेगावॉट. आसमंतात सिल्लेवाडा, वलनी अशी वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणींची नावे, आणि पलीकडे कोराडीचे वीज केंद्र. आता वाचकांनी वयांचा हिशेब करावा. 1989 च्या सुमारास पंचविशीत नोकरीस लागलेला तंत्रज्ञ आज निवृत्त झाला आहे. 2000 च्या सुमारास लागलेल्याची निवृत्तीही फार लांब नाही. यांतील पुष्कळांचे आयुष्य कंपनीच्या क्वार्टरमध्ये गेले. पाणी, वीज, दुरुस्ती यांची चिंता नव्हती, त्यामुळे घराचा विचार पुढे ढकलत गेला. अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षी निरोपसमारंभ होतो, नारळ व शाल मिळते, आणि थोड्याच दिवसांत क्वार्टरची किल्ली परत करावी लागते. मुलगा पुण्यास किंवा बंगळुरास. त्याच्या दोन खोल्यांत जाऊन राहण्याची इच्छा नाही. मूळ गावचे घर भावाभावांत वाटले गेलेले. सारे स्नेही, डॉक्टर, किराणा दुकानदार, देऊळ मात्र खापरखेड्यास. या मनुष्याला घराची गरज आहे, भविष्यनिधीमुळे त्याच्या हाती पैसा आहे, आणि येथेच राहण्याचे त्याला कारण आहे. हाच आमचा अधिकारी.

इतरांचाही विचार आम्ही केला. नागपुरात नोकरी करणारे तरुण जोडपे शहराजवळचे घर पाहील. रोजच्या येण्याजाण्याचा त्रास ते का पत्करील? केंद्रात ठेक्यावर काम करणाऱ्यास विकतचे घर नको, भाड्याची स्वच्छ खोली हवी. निवृत्त माणसाने घरास एक स्वतंत्र दाराची खोली काढली तर त्याची सोय होते आणि यासही दरमहा चार पैसे मिळतात. राहिला गुंतवणूकदार. तोच सर्वांत लवकर पैसे देणारा, आणि त्याच्यापायी आमच्या घरात खरा पेच पडला.

पेच

नागपूरचे एक धनिक गृहस्थ पुतण्याकडे आले व निम्मे प्लॉट एकदम घेतो म्हणाले. कर्जाचे व्याज चालू होते. निम्मी रक्कम हाती आली असती तर पुतण्याची झोप परत आली असती. रात्री जेवणे झाल्यावर सर्वजण माजघरात बसलो. पुतण्या म्हणाला, “काका, अधिकारी वगैरे ठीक आहे, पण बँकेस अनुबंधचतुष्टय कळत नाही.” त्याचे म्हणणे अगदीच चूक होते असे नाही.

तेव्हा आम्ही स्वतःची जुनी कथा सांगितली, जी आम्ही घरात फारशी काढीत नाही. निवृत्तीच्या काही वर्षे आधी, एका विक्रेत्याच्या पत्रकावर विश्वासून, आम्ही शहराबाहेर प्लॉट घेतला होता. त्या पत्रकावरही ‘सर्वांसाठी’ हाच मथळा होता, आणि ‘शहरापासून दहा मिनिटे’ असे वचन. कागद खोटे नव्हते; पण प्लॉट घेणाऱ्यांत राहण्यासाठी घेणारे आम्ही तिघेच, बाकी सारे भाव वाढण्याची वाट पाहणारे. त्यामुळे घरे झाली नाहीत. घरे नाहीत म्हणून दिवे नाहीत. दिवे नाहीत म्हणून रस्त्याकडे कोणी पाहिले नाही. पावसाळ्यात तेथे सायकलही जात नसे. आज तेथे बाभळी उत्तम वाढल्या आहेत. आमच्या भविष्यनिधीचा मोठा हिस्सा त्या बाभळींच्या मुळाशी आहे.

आमच्या वहिनी इतका वेळ काही बोलल्या नव्हत्या. त्या पुतण्यास म्हणाल्या, “अरे, निम्मी जागा अशी रिकामी पडली तर उरलेल्या निम्म्यांत राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी संध्याकाळनंतर कोणाच्या उजेडात चालायचे? भाऊजींचे झाले तेच त्यांचे करायचे का?” त्यावर कोणी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांस नम्रपणे नकार कळविला. स्वतः राहणार असतील तर एक प्लॉट अवश्य घ्यावा, असेही लिहिले. त्याचे उत्तर आले नाही.

निवडीबरोबर येणारे ऋण

या प्रसंगातून आम्हांस जे कळले ते एवढेच, की गिऱ्हाईक निवडणे म्हणजे त्याचे ऋण स्वीकारणे होय. निवृत्त माणसास विकावयाचे ठरविले की त्याच्या गुडघ्यांचा विचार आपला झाला. घर एकमजली असावे, उंबरठे नसावेत, दारे चाकांची खुर्ची जाईल इतकी रुंद असावीत, न्हाणीघराची फरशी निसरडी नसावी व भिंतीस धरावयास दांडी असावी. ज्येष्ठांच्या निवाससंकुलांसाठी महारेराने 2024 साली आदर्श मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, त्यांतही अशाच सोयींवर भर आहे.

त्याच्या पैशाचा विचारही आपला झाला. तरुणाचे दहा हजार बुडाले तर तो ते पुन्हा मिळवील. साठीच्या माणसाचा भविष्यनिधी एकदाच मिळतो. 2016 चा स्थावर संपदा अधिनियम या दृष्टीने प्रत्येक घरात वाचला जावा. प्लॉटच्या लेआउटलाही तो लागू आहे. पाचशे चौरस मीटरांहून अधिक जमीन आणि आठांहून अधिक घरे असतील तर नोंदणी झाल्याशिवाय जाहिरात किंवा विक्री करता येत नाही. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशांपैकी सत्तर टक्के जमीन व बांधकाम यांच्याच खर्चासाठी निराळ्या खात्यात ठेवावे लागतात. आणि जाहिरातीतील खोट्या वचनावर विसंबून कोणाचे नुकसान झाले तर विक्रेता भरपाईस बांधलेला असतो. पुतण्यास हे नियम जाचक वाटत, आम्ही त्यास म्हटले, “ज्या दिवशी तू आपले गिऱ्हाईक ओळखशील, त्या दिवशी हे नियम तुझेच वाटतील.”

शेवटची गोष्ट सत्याची. ठरावीक माणसासाठी लिहिलेल्या पत्रकात लपवाछपवी टिकत नाही, कारण तो माणूस जाणता असतो. खापरखेड्याची राख वीज केंद्रातील माणसापासून कोण लपविणार? त्याने जन्म त्या राखेत काढला. म्हणून नव्या पत्रकात आम्ही स्पष्ट लिहिले, की वारा फिरला म्हणजे वाळत घातलेल्या कपड्यांवर राखेचे कण येतात. यास्तव प्रत्येक घरास मागील बाजूस झाकलेली पडवी दिली आहे. पुतण्या हे वाक्य छापावयास तयार नव्हता. परंतु घर पाहावयास आलेल्या पहिल्या गृहस्थांनी नेमके तेच वाक्य बोटाने दाखविले व म्हणाले, “हे लिहिलेत म्हणून आलो.”

नवे पत्रक एका रंगाचे आहे. मथळा असा : ‘क्वार्टर सोडण्यापूर्वी.’ खाली महारेराचा नोंदणी क्रमांक, मंजूर नकाशा, आणि बसथांबा व दवाखाना यांची पायी चालण्याची अंतरे, जी आम्ही स्वतः घड्याळ लावून चालून मोजली. हे पत्रक चौकाचौकांत वाटले नाही. कामगारांच्या कार्यालयांत, निवृत्तांच्या सभांत आणि निरोपसमारंभाच्या दिवशी हाती दिले. दार कोणालाच बंद नाही. एका शिक्षिकाबाईंनी घर घेतले आहे, एका शेतकऱ्यानेही. आमंत्रण एकाच्या नावे लिहिले म्हणजे दुसऱ्यास पंगतीतून उठविले असे होत नाही.

आजमितीस अकरा घरांचे करार झाले आहेत. पन्नास व्हावयास वेळ लागेल आणि व्याज चालूच आहे. आमच्या पुतण्याची चिंता संपली असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्या अकरांपैकी चार घरांत संध्याकाळी दिवे लागतात, आणि लेआउटच्या रस्त्यावरून चार म्हातारी माणसे काठी न चाचपडता फिरावयास निघतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

आमच्या वाचकांपैकी विकणारे थोडे आणि घेणारे पुष्कळ असतील. त्यांना एवढेच सांगावयाचे, की घराचे कोणतेही पत्रक हाती आले म्हणजे भाव पाहण्याआधी त्याचा अधिकारी कोण ते पाहावे. त्यात आपले वय, आपली गरज, आपला दिनक्रम कोठे दिसतो का, आणि शेजारी राहावयास कोण येणार हे कळते का, असे विचारावे. उत्तर ‘सर्वजण’ असे आले, तर आमच्या बाभळींची आठवण ठेवावी.